अंधारात घातलेले पाणी

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३७२ मीटर उंचावर आहे. तिथल्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या चंद्रपूरची उंची दोनशे मीटरच्या आसपास आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे. तरीही आम्ही ऑक्टोबरात बारा रोपे आणून कुंड्यांत लावली. हट्टच म्हणा.

थंडी होती तोवर सारे ठीक होते. दिवस लहान असले की हे झाड फुलते. खाली तणस अंथरले म्हणजे फळ ओल्या मातीला टेकून सडत नाही. नाताळानंतर मूठ-मूठ फळे निघाली. निम्मी बुलबुलांनी नेली. शेजारच्या काकूंकडे वाटीभर पाठवली, तर वाटी बोरे घेऊन परत आली.

ऊन वाढले तशी फुले थांबली आणि वेलीसारखे लांब फुटवे निघाले. प्रत्येकाच्या टोकाला नवे रोप. ती जगवली तर पुढच्या वर्षी विकत आणायला नकोत. पण नळ एक दिवसाआड, आणि गल्लीत भांड्यांची रांग. आम्ही झारीने पाणी घालतच होतो. एप्रिलात लक्षात आले, की ते आम्ही अंधार पडल्यावर घालतो आहोत. तसे घरात कोणी ठरवले नव्हते.

वाचकहो, ऊन उतरल्यावर पाणी घालणे झाडाला बरे, हे कारण आमच्यापाशी होते आणि ते खरेही आहे. तरी आम्ही लपवत होतो, हेही तितकेच खरे. हिशेब केला तर दिवसाला बादलीभरही पाणी लागत नव्हते. आमचा कूलर त्याहून कितीतरी जास्त पितो, आणि त्याची लाज आम्हाला कधी वाटली नाही. मग स्ट्रॉबेरीचीच का? कूलर घरोघरी आहे म्हणून? सगळ्यांनी मिळून सांडले ते गरजेचे, आणि एकट्याने सांडले ती चैन, असा काही हिशेब आपण मनात धरलेला असतो काय?

घरात दोन मते पडली. एक म्हणे, माणसाला चार लाल फळांचा आनंदही लागतो. दुसरे म्हणे, रांगेत उभे असलेल्याला हे सांगून बघा.

शेवटी नळाचे पाणी बंद केले. तांदूळ धुतलेले पाणी तेवढे घालायचे, तेही सकाळी, सगळ्यांदेखत. ते तीन कुंड्यांनाच पुरले. त्या कडुनिंबाखाली ठेवल्या, बाकीच्या वाळल्या. काकूंनी पाहिले आणि म्हणाल्या, "माह्याकडचंही नेत जा ना!"

कूलरचे मात्र आमच्या घरी अजून ठरलेले नाही.