नमाजचे ॲप आणि आपले गाव



अल्लाहने नमाज ठरलेल्या वेळी फर्ज केली आहे (सूरह निसा, आयत 103). ही वेळ आता आपण बहुधा मोबाईलच्या ॲपवर पाहतो. सोय चांगलीच आहे. पण ॲपमध्ये कोणते शहर निवडलेले आहे, हे आधी पाहावे.

मुंबई-कोकणातून नोकरीसाठी जबलपूरला आलेल्यांच्या ॲपमध्ये, लोकेशन बंद असेल तर, मुंबईच राहते. जबलपूर पूर्वेला आहे; इथे सूर्य मुंबईपेक्षा सुमारे अर्धा तास आधी उगवतो. घड्याळ मात्र साऱ्या देशाचे एकच. म्हणून मुंबईच्या वेळेप्रमाणे अगदी शेवटपर्यंत सहरी करणारा इथे सुबह सादिक झाल्यावरही खात असतो. त्या रोजाची कजा करावी लागते. फज्र शेवटच्या मिनिटांवर ठेवणाऱ्याची नमाजही कजा होते.

अस्रचा प्रश्न वेगळा. दुपारची मूळ सावली सोडून, वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी झाली की शाफई बांधवांची अस्र सुरू होते. हनफींची दुप्पट झाल्यावर. ॲपमध्ये हा पर्याय आपणच निवडायचा असतो. शंका आल्यास मोहल्ल्याच्या मशिदीतील वेळापत्रक पाहा, इमामसाहेबांना विचारा.

जिक्रची मोजणी ॲपवर करण्यास हरकत नाही. पण मध्येच मेसेज येतो आणि मन तिकडे जाते. हजरत फातिमा (रजि.) यांना शिकवलेली तस्बीह, म्हणजे 33 वेळा सुब्हानल्लाह, 33 वेळा अल्हम्दुलिल्लाह आणि 34 वेळा अल्लाहु अकबर, बोटांवर सहज मोजता येते. प्रेषितांनी (सल्ल.) बोटांवर मोजण्यास सांगितले, कारण कियामतच्या दिवशी बोटांना विचारले जाईल आणि ती बोलतील.