वैशाखातला गुलाब

गुलाबाचे कौतुक करणारे लोक बहुधा थंडीतले असतात. मार्गशीर्ष-पौषात दारातला गुलाब फुलला की जाणारायेणारा घटकाभर थांबतो आणि घरधन्याच्या रसिकतेची वाखाणणी करतो. परंतु गुलाबाची आणि त्याच्या धन्याची खरी ओळख होते ती वैशाखात. त्या दिवसांत गुलाब काही देत नाही, नुसता मागतो. आणि जो नुसता मागतो त्याच्याशी आपण कसे वागतो, यातच माणसाची पारख होते असे मला पुष्कळदा वाटते.

मी लातूरला राहतो. शाळेत शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझी मजल मॅट्रिकपर्यंतच गेलेली. तेव्हा नीतीचे जे प्रश्न मला पडले ते ग्रंथांतून पडले नाहीत, गच्चीवरच्या आठ कुंड्यांतून पडले. त्यांतला एक आज वाचकांपुढे ठेवतो : गावाला पाणी नसताना गुलाबाला पाणी घालावे की नाही?

उन्हाळ्यातल्या गुलाबाचे शास्त्र तसे सोपे आहे. पारा ३५ अंशांपुढे गेला की झाडाची वाढ मंदावते, फुले बारीक येतात, पाकळ्यांच्या कडा करपतात. मोगऱ्याला हाच उन्हाळा मानवतो, गुलाबाला मानवत नाही. म्हणून त्याला सकाळचे ऊन द्यावे आणि दुपारी सावली. कुंड्या जवळजवळ ठेवाव्यात, म्हणजे एकीची सावली दुसरीवर पडते. मातीवर वाळक्या पानांचे किंवा उसाच्या पाचटाचे चार बोटे आच्छादन घालावे. पाणी उन्हे वर येण्यापूर्वी घालावे. खत देऊ नये, मोठी छाटणी करू नये. पानांच्या खालच्या अंगाला लाल कोळी जाळी धरतो, त्याच्यावर नजर ठेवावी. भर दुपारी पाने माना टाकतात, तेव्हा घाबरून तांब्या घेऊन धावू नये; आधी मातीत बोट खुपसून पाहावे. आतली माती ओली असेल तर झाड तहानलेले नसते, उन्हाने दमलेले असते. सायंकाळी ते आपोआप सावरते.

आणि सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे, कळी दिसली की खुडावी. हे कोणाला पटत नाही. फुलासाठी तर झाड लावले, मग कळी का खुडायची? पण करपून जाणाऱ्या एका फुलासाठी झाड आपली शक्ती वेचते, आणि उन्हाळ्यात त्याने नुसते जगावे एवढेच पुरेसे असते.

हे शास्त्र पाणी असेल तेव्हाचे. २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडले. मार्चमध्ये शहरातल्या पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचा हुकूम निघाला. ११ एप्रिलला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन मिरजेहून आगगाडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोहोचली. आमच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी येई. अशा एका सकाळी समोरच्या मावशींनी मला गच्चीवर तांब्या घेऊन उभा असलेला पाहिले आणि खालूनच विचारले, “गुरुजी, माणसाला प्यायला पाणी नाही, अन् तुम्ही गुलाबाला घालता व्हय?”

प्रश्न रास्त होता. त्याला दोन उत्तरे सहज सुचतात आणि दोन्ही खोटी आहेत. पहिले असे की, माझ्या एका तांब्याने कोणाची घागर भरणार? परंतु पाण्याची नासाडी करणारा प्रत्येकजण नेमके हेच म्हणत असतो, आणि अशा तांब्यांनीच तर घागर भरते. दुसरे उत्तर जरा भारदस्त आहे : माणूस केवळ भाकरीवर जगत नाही, त्याला सौंदर्यही हवे. वाक्य खरे आहे, पण ते कोण कोणाला ऐकवतो यावर त्याचा खरेपणा अवलंबून असतो. ज्याचा रांजण भरलेला आहे त्याने रिकामी घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईला ते ऐकवणे हा निर्लज्जपणा होय.

मग काय करावे? मी रांग लावली. पहिल्यांदा माणसे, मग गाई-पाखरे आणि अगदी शेवटी गुलाब. शेवटच्याच्या वाट्याला नवे पाणी येत नाही. तांदूळ-डाळ धुतलेले, भाजी विसळलेले तेवढे त्याचे. साबणाचे पाणी कुंडीत चालत नाही, म्हणजे वाटा आणखी घटला. तेवढ्यात आठ कुंड्या जगणे शक्य नव्हते. मी तीन ठेवल्या आणि पाच कुंड्यांचे पाणी बंद केले. महिन्याभरात त्या वाळल्या. ते बरोबर होते असे मला आजही वाटते. पण बरोबर वागले की मनाला स्वस्थता लाभते, असे जे आपण मुलांना शाळेत शिकवतो, ते सर्वस्वी खरे नाही. काही योग्य गोष्टी शेवटपर्यंत सलत राहतात, आणि सलाव्यात हेच बरे.

कोणी म्हणेल, एवढे कळत होते तर त्या तिघांचा तरी हट्ट कशाला? त्याचे उत्तर मला झाडानेच दिले. कुंडीतला चांगला गुलाब बहुधा रानटी खुंटावर डोळा भरून केलेला असतो. झाडाचे हाल झाले की वरचा गुलाब मलूल होतो आणि सांध्याच्या खालून खुंटाला धुमारे फुटतात. ते मोठे तरतरीत, हिरवेगार दिसतात. बघणाऱ्याला वाटते, झाड सावरले! वास्तविक तेव्हाच गुलाब जात असतो. ते धुमारे मुळाशीच काढावे लागतात.

वाचकहो, दुष्काळात माणसाचेही असेच होते. टँकरभोवती हंड्यावर हंडे आदळू लागले की भल्याभल्यांचा खुंट फुटतो. जो बळकट तो पुढे घुसतो आणि आपल्याला वाटते, हा खरा जगायला लायक! अशा वेळी ज्याला रांगेत घुसता येत नाही, ओरडता येत नाही, आज देण्यासारखे ज्याच्यापाशी काहीच नाही, अशा एखाद्याचा वाटा घरात राखून ठेवलेला असणे मला फार मोलाचे वाटते. तो वाटा उष्ट्या पाण्याचा का असेना. शेवटच्याला अगोदर देणे हा वेडेपणा आहे. पण शेवटच्याला रांगेतूनच काढून टाकणे ही सवय वाईट. आज गुलाब शेवटचा असतो, उद्या घरातली म्हातारी माणसे शेवटची होतात.

दसऱ्याच्या सुमारास गुलाबाची छाटणी होते आणि फूल यायला त्यानंतर दीडेक महिना लागतो. म्हणून हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा पुष्कळांच्या कुंड्यांत फुले नसतील. नुकते फुटलेले तांबूस कोंब असतील. फराळाचे ताट बाजूला ठेवून ते जरूर पाहावे. फूल ही चैन आहे, हे मला मान्य आहे. पण मूळ जगवणे ही चैन नव्हे. आणि ते जगवायचे असते फूल दिसत नाही त्याच दिवसांत.