तळपाय कोण बघणार?

एक साधा प्रश्न डोक्यात घोळतोय. मनात द्वेष नसताना माणूस अन्याय करू शकतो का? मोर्चात आपण ज्याच्या नावानं घोषणा देतो तो द्वेष करणारा असतो. तो ओळखू येतो. पण ज्याला आपण दिसतच नाही, त्याचा हिशेब कसा मांडायचा?

बॉब मार्लीचं उदाहरण घेऊ. जमैकाचा गाणारा, काळ्या आईचा पोरगा. 1977 साली त्याच्या पायाच्या नखाखाली मेलानोमा निघाला. म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. अंगठा कापायला तो तयार झाला नाही. त्यात त्याची धर्मश्रद्धा आड आली असं सांगतात. ते लपवायचं कारण नाही. 11 मे 1981 ला तो गेला. वय अवघं 36.

मेलानोमा गोऱ्या कातडीला जास्त होतो. आपल्या कातडीतलं मेलॅनिन उन्हापासून राखण करतं, म्हणून आपल्यात तो फार कमी. पण होतो तेव्हा पुष्कळदा तळपायावर, तळहातावर, नखाखाली होतो. जिथं ऊन पोचत नाही तिथं. आणि डॉक्टरची नजरही पोचत नाही. मग उशिरा कळतं आणि माणूस हातचा जातो.

आता दुसरी गोष्ट. 1970 नंतर अमेरिकेत सोरायसिसवर उजेडाचा उपचार सुरू झाला. सोरालेनची गोळी द्यायची, मग अतिनील दिव्यांपुढं उभं करायचं. हे सोरालेन आपल्याकडच्या बावचीच्या बियांतही असतं. कोडावर बावची लावून उन्हात बसणं आपल्याकडं जुनंच. तिकडं केस-डोळ्यांच्या रंगावरून डोस ठरवला, तर काहीजण भाजले. तेव्हा 1975 साली डॉ. फिट्झपॅट्रिकनं माणसालाच विचारलं, उन्हात तू भाजतोस की काळवंडतोस? त्यावरून कातडीच्या चार पायऱ्या केल्या. चारही गोऱ्यांच्या. सावळ्यांची पाचवी आणि काळ्यांची सहावी नंतर जोडली. पाचवा वर्ण आपल्याला नवा नाही!

फिट्झपॅट्रिकच्या मनात आपल्याबद्दल द्वेष होता असं मी म्हणत नाही. त्याच्यापुढं जो पेशंट होता त्याची त्यानं काळजी घेतली. सगळ्यांना सारखा डोस म्हणजे समता नव्हे, हे त्याला भाजलेल्या कातडीनं शिकवलं. पण जो दवाखान्यात आलाच नाही, त्याच्याकडून तो काय शिकणार?

आज कॉम्प्युटरला फोटो दाखवून कातडीचा कॅन्सर ओळखायला शिकवतात. 2022 साली 'लॅन्सेट डिजिटल हेल्थ'मध्ये अशा खुल्या फोटोसंग्रहांची तपासणी छापून आली. ज्या 2436 फोटोंवर कातडीचा प्रकार नोंदलेला होता, त्यात पाचव्या पायरीचे 10 आणि सहाव्या पायरीचा फक्त 1. म्हणजे गावकूस आता यंत्रातही शिरलं.

एकजण म्हणाला, आपल्याला होतच नाही तो रोग, कशाला डोकं पिकवतोस? कमी होतो म्हणून पैसा कमी खर्च करा, समजू शकतो. पण पाय उलटा करून बघायला किती पैसा लागतो?

म्हणून माझं उत्तर असं. पहिल्यांदा दिसलं नाही, ते अज्ञान. दाखवून दिल्यावरही बघितलं नाही, तर तो गुन्हा. त्याला द्वेषाची गरज लागत नाही, सवय पुरते.

विज्ञानाला आपला नकार नाही. नकार द्यायचा तो पोथीला, जिनं शूद्राला पायातून जन्माला घातलं आणि आपल्याला त्या पायातही जागा दिली नाही. विज्ञानाला चूक दाखवली तर ते पायरी जोडतं. पण दाखवणारे आपण पाहिजेत. दवाखान्यात, प्रयोगशाळेत, टेबलाच्या दोन्ही बाजूंना.

परवा रात्रपाळीहून आलो आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे तळपाय दिव्याखाली धरले. मग आईचे. भेगाच भेगा. ती हसली, म्हणाली, "पायात काय बघतूस, येड्या?"

तुम्हीही बघा. काळा डाग वाढत असेल, नखात काळी रेघ रुंदावत असेल, तर डॉक्टरपुढं पाय ठेवा. आणि सांगा, साहेब, हितं बघा.