आटे गेल्याचं सांगायचं का?

शहाड आणि टिटवाळा यांच्या मधल्या आंबिवलीत बाइक ही हौस कमी, गरज जास्त. लोकल गाठायची तर स्टेशनापर्यंत तीच कामाला येते. त्यामुळे चार पैसे वाचवायला ऑइल घरीच बदलणारे कमी नाहीत. आणि एखाद्या रविवारी ऑइलचा बोल्ट पुन्हा लावताना तो घट्टच होत नाही, नुसता गोल फिरत राहतो. आटे गेलेले असतात.

कारण साधं आहे. बोल्ट स्टीलचा, इंजिनाचं कवच ॲल्युमिनियमचं. कडक आणि मऊ यांच्या झटापटीत मऊ हरतं. ऑइल गळेल या भीतीने आपण पान्याला अर्धा फेरा जास्तीचा देतो. खरं तर गळती अडवतो तो बोल्टखालचा वॉशर. आट्यांनी त्याला फक्त दाबून धरायचं असतं. शिवाय भार सगळ्या आट्यांवर सारखा येत नाही. पहिला आटाच जवळपास एक तृतीयांश भार उचलतो. तो सोलला की भार मागच्यांवर येतो आणि तेही जातात.

यावर उपाय तीन. एक, भोकात मोठ्या मापाचे आटे पाडून जाडा बोल्ट बसवायचा. दोन, नवे आटे पाडून त्यात हेलिकॉइल, म्हणजे स्टीलच्या तारेची गुंडाळी, बसवायची. मग मूळ मापाचाच बोल्ट चालतो आणि हे आटे ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा दणकट असतात. तीन, जुन्याच बोल्टला टेफ्लॉन टेप गुंडाळायची, वरून एम-सील थापायचं आणि गाडी विकून मोकळं व्हायचं.

तिसरा उपाय वाईट हे कुणीही सांगेल. पण नेमका का वाईट? दुरुस्ती कच्ची म्हणून? मग टेप लावून हळूहळू गॅरेजपर्यंत जाणाराही दोषी ठरेल. मला वाटतं, दोष कच्चेपणात नाही, लपवण्यात आहे.

1841 मध्ये जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने आट्यांसाठी सर्वांनी एकच माप वापरावं असं सुचवलं. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे, एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जाईल याची खात्री नाही. आज मोहन्याच्या दुकानातून आणलेला बोल्ट आपल्या गाडीला बसतो. तो बनवणाऱ्याला आपण कधी पाहिलेलं नसतं. आटे म्हणजे अनोळखी माणसांनी एकमेकांना दिलेला शब्द आहे. एम-सीलखाली तो शब्द मोडलेला असतो, आणि त्याचा भुर्दंड पुढच्या मालकाला बसतो. चालत्या गाडीचा बोल्ट निखळून ऑइल मागच्या चाकावर आलं, तर भुर्दंड पैशांपुरता राहत नाही.

कायदा काय म्हणतो? 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या 17 व्या कलमानुसार नुसतं गप्प राहणं ही सहसा फसवणूक नसते. माहीत असलेला दोष मुद्दाम झाकणं ही मात्र असते. त्या कलमाखाली घोड्याचं उदाहरण आहे. घोड्यात खोट आहे हे माहीत असून मालक लिलावात काहीच बोलला नाही, तर ती फसवणूक नाही. पण घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं.

म्हणजे कायद्याने ठरवलं नात्यावर. पण आपली जुनी बाइक घेतं कोण? बहुतेकदा शेजारच्या चाळीतला, पहिल्या नोकरीला लागलेला पोरगा. त्याला इंजिनातलं तेवढंच कळतं, जेवढं त्या मुलीला घोड्यातलं.

यावर एक खरा आक्षेप आहे: सांगितलं तर भाव पडतो. पडतोच. हेलिकॉइल नीट बसवून तसं सांगणाऱ्याची गाडी घेणारा बिचकतो, आणि टेपवाल्याची चकचकीत गाडी पूर्ण भावात जाते. प्रामाणिकपणाचा दंड एकट्या विकणाऱ्याने भरत राहावा, ही अपेक्षा फार दिवस टिकणार नाही.

म्हणून अर्धी जबाबदारी घेणाऱ्याची. भाव करण्याआधी विचारावं, 'ऑइलच्या बोल्टचे आटे कधी गेले होते का?' आणि जो 'हो, गेले होते, असे दुरुस्त केले' म्हणेल, त्याला त्या उत्तरासाठी हजार रुपये कमी देऊ नयेत.