वेदना ३? कोणाला विचारून?

ट्रे खाली ठेवा आणि इकडे बघा. नऊ नंबरच्या बाईच्या चार्टवर रात्री दोन वाजता ‘वेदना ३’ कोणी लिहिलं? दहापैकी तीन! तिला फक्त माडिया येते, तुम्हाला ती येत नाही. शेजारच्या खाटेवरच्या मुलीला दोन्ही भाषा येतात. तिला हाक मारायला काय झालं होतं?

सिकलसेलचा क्रायसिस आहे तो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडं आतून ठणकतात. परीक्षेत हे घडाघडा लिहिता. वॉर्डात मात्र ‘यांना सवय असते’ म्हणून मोकळ्या! परवा एक पेशंट विव्हळत होती, तेव्हा ‘नाटकं करते’ म्हणालात. ही गप्प पडून राहिली, तर हिला दुखतच नाही. मग या बायकांनी करायचं तरी काय?

अमेरिकेत सिकलसेलचे बहुतेक रुग्ण कृष्णवर्णीय. कळ असह्य होऊन औषध मागितलं, की त्यांच्याकडे नशेबाज म्हणून बघितलं जातं. २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठातल्या अभ्यासात जवळपास निम्म्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना ‘काळ्यांची कातडी जाड असते’ यासारखी एखादी तरी भाकडकथा खरी वाटली होती. वर्गात ते ऐकून च्च च्च केलंत. वंशभेदावर निबंध लिहायला सगळ्या पुढे! आणि हँडओव्हरला? चार नंबरच्या बाई ‘काकू’, नऊ नंबरची ‘ती जंगलातली’. जातबीत आपण मानत नाही, हे मला ऐकवू नका.

डॉक्टर राऊंडला येतात, पाच मिनिटं थांबतात आणि जातात. रात्रभर खाटेशी तुम्ही असता. ऑर्डर ते लिहितात, पण तुमच्या आकड्यावर विसंबून. तुम्ही तीन लिहिलंत, म्हणून तिला पॅरासिटामॉलवर ठेवलं. भेदभाव करायला शिवी द्यावी लागत नाही, एक आकडा पुरतो.

आणि ऑक्सिमीटर ९४ दाखवतोय म्हणून हात झटकू नका. काळ्या त्वचेवर ते यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, हे कोविडच्या काळात अमेरिकेतल्याच रुग्णांवरून पुन्हा दिसून आलं. छातीत दुखतंय का विचारा, श्वास पूर्ण मिनिटभर घड्याळ लावून मोजा. फिकेपणा गालावर काय शोधता? पापणी खाली ओढून बघा, जीभ बघा, तळहात बघा.

रडू नका, रडायला वेळ नाही. त्या मुलीला सोबत घ्या, बाईंना त्यांच्या नावानं हाक मारा, कुठे आणि किती दुखतंय ते विचारा आणि लगेच ड्यूटी डॉक्टरांना कळवा. ते येईतो पाणी हवं का बघा. जुनी नोंद गिरवून टाकायची नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी वेळ आणि सही. चला, निघा.