ऑइल वाढतंय

पिकअप घेतली त्याच दिवशी मी तिच्या नावानं एक वही घातली. तीस वर्षं पोरांची हजेरी घेतलेला माणूस. वहीशिवाय चैन पडत नाही. किती किलोमीटर झाले, डिझेल किती भरलं, क्रेट किती गेले, हमाली, चहापाणी, सगळे रकाने आखलेले. गाडी जुनीच, दुसऱ्याच्या हातची, पण डिझेलचं इंजिन खणखणीत होतं. संगमनेरजवळच्या आमच्या गावातून टोमॅटो भरून नारायणगावच्या बाजाराला न्यायचे. जाताना भरल्या गाडीनं चंदनापुरीचा घाट चढायचा, पुढं घारगाव, आळेफाटा. येताना रिकाम्या क्रेटांचा खडखडाट. एका फेरीला साधारण बारा लिटर डिझेल लागायचं.

गाडीवर बापू होता. चौथीपर्यंत माझ्याच हाताखाली शिकलेला. गणितात यथातथा, पण हात चांगला. गाडीचा आवाज जरा बदलला की याची मान आधी वळायची.

दुसऱ्या हंगामात बाराचे साडेबारा झाले, मग साडेतेरा. तिसऱ्या आठवड्यात चौदा. मी वही घेऊन पडवीत बसायचो आणि आकड्यांखाली रेघ मारायचो. रस्ता तोच, माल तेवढाच, गाडी तीच. मग दोन लिटर जातात कुठं?

त्या दिवसांत बापू मला दोनदा काहीतरी म्हणाला होता. एकदा म्हणाला, "गुरुजी, गाडी चढाला दम धरत नाही." आणि एकदा, दर रविवारी मी ऑइलची दांडी बघायचो तेव्हा शेजारी उभा राहून म्हणाला, "ऑइल वाढतंय गुरुजी."

मी हसलो. म्हटलं, "ऑइल कधी वाढतं का रे? विहिरीचं पाणी आहे का ते?" खरं सांगायचं तर दांडीवरची खूण बघून मी खूश होतो. जुन्या गाड्या ऑइल पितात, आपली पीत नाही, असं चार लोकांत सांगतही होतो.

मग एका संध्याकाळी दूध डेअरीवर, दहाबारा माणसं किटल्या घेऊन रांगेत असताना, मी बापूला हटकलं. "बापू, डिझेल कुठं जातं तेवढं सांग, बाकी मी काही विचारत नाही."

नीट बघा, मी त्याला चोर म्हणालो नाही. आजही छातीवर हात ठेवून सांगू शकतो, तो शब्द माझ्या तोंडून गेला नाही. मी नुसता प्रश्न विचारला. पण रांगेतल्या एकालाही तो प्रश्न वाटला नाही. बापूनं माझ्याकडं पाहिलं, खिशातली किल्ली काढून डेअरीच्या कट्ट्यावर ठेवली आणि किटली उचलून चालता झाला. त्याचे आठ दिवसांचे पैसे माझ्याकडं होते. ते मी दिले नाहीत. वहीत लिहिलं, 'डिझेलपोटी वळते'.

त्यानंतर गाडी मीच चालवू लागलो. आता गंमत ऐका. पहिल्या फेरीला डिझेल लागलं चौदा लिटर. दुसरीला सव्वाचौदा. तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही! मी मनाशी म्हटलं, आपला हात नवा, गिअर वेळेवर पडत नाही, घाटात जास्त दाबली जाते. बापूच्या वेळी जे दोन लिटर चोरी होते, तेच माझ्या वेळी सवय नसणं झाले. हे इथं लिहिताना सोपं वाटतं. त्या वेळी ते सबब म्हणून सुचलं नव्हतं, खरंच तसं वाटत होतं. माणूस स्वतःला किती कारणं पुरवतो आणि दुसऱ्याला एकच.

चौथ्या फेरीला, पासष्ट क्रेट भरलेले असताना, चंदनापुरीच्या घाटात गाडीनं आचके दिले आणि बंद पडली. मागच्या चाकांना दगड लावला. पंपाला हातानं मारायची एक लहान दांडी असते, ती खालीवर केली, फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हवा काढली. सुरू झाली. दीडेक किलोमीटर गेली आणि पुन्हा बसली. शेवटी माल दुसऱ्याच्या टेम्पोत चढवला आणि पिकअप दोरानं ओढत संगमनेरला नेली.

तिथले मिस्त्री वयस्क, सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी गेल्यागेल्या म्हटलं, "चाचा, पंप गेलाय, नवा टाका."

"तुम्हाला कसं कळलं?"

"बंद पडते, दुसरं काय असणार?"

"मग टाकीत कचरा असला तर? पाइप हवा घेत असला तर? झाकणाचं भोक बुजलं तर?" त्यांनी पान्याला हातसुद्धा लावला नाही. मला विचारत राहिले. कधी बंद पडते, चढाला की सपाटीला, रिकामी की भरलेली, गरम झाल्यावर की सकाळी.

मग एकेक बघायला घेतलं. टाकीचं झाकण सैल ठेवून इंजिन चालवलं, फरक नाही. म्हणजे झाकणाची चूक नव्हती. टाकीकडून येणारा पाइप काढून उलटी हवा फुंकली. टाकीत बुडबुड आवाज आला. पाइप मोकळा. फिल्टर बदलला, तेच. मग एका प्लॅस्टिकच्या डब्यात डिझेल घेतलं, डबा इंजिनाच्या वर उंच टांगला आणि तिथून नळी थेट फिल्टरला जोडली. टाकी, पाइप, पंप तिघांनाही बाजूला ठेवून. इंजिन असं चाललं, की जणू काही झालंच नव्हतं. म्हणजे पुढचं सगळं शाबूत. शेवटी डबा जमिनीवर ठेवला, नळी पंपाच्या आत येणाऱ्या तोंडाला लावली, बाहेरचं तोंड मोकळं ठेवलं आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. धार यायला हवी होती. आली ती नुसती थुंकल्यासारखी.

"आता म्हणा, पंप गेला," चाचा म्हणाले.

त्यानंतर त्यांनी ऑइलची दांडी काढली. बोटांत चोळली, हुंगली. एक थेंब वर्तमानपत्राच्या कागदावर टाकला. काळा ठिपका मध्ये राहिला आणि भोवती फिकट कडं पसरत गेलं. "गुरुजी, याच्यात डिझेल आहे. ऑइल वाढत होतं का?"

मी काही बोललो नाही.

इंजिनाला दोन बोल्टांनी बसवलेला तो पंप त्यांनी उतरवला, उघडला आणि आतला रबरी पडदा उजेडाकडं धरला. कडेला बोटभर चीर होती. इंजिनातला कॅम या पंपाची दांडी ढकलतो, पडदा खालीवर होतो आणि टाकीतलं डिझेल ओढून पुढं पाठवतो. पडदा फाटला की थोडं डिझेल झिजलेल्या सीलमधून इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरतं आणि बरंचसं पंपाच्या पोटाच्या भोकातून रस्त्यावर गळतं. तेही इंजिन चालू असतानाच. उभ्या गाडीखाली थेंब नाही, म्हणून कुणाला दिसलं नाही. पंपाखाली धुळीचा काळा चिखल मात्र जाड बसला होता. तो मी रोज बघत होतो.

नवा पंप बसवताना चाचांनी इंजिन हातानं थोडं फिरवून दांडीवरचा दाब उतरवला, जुनं गॅस्केट खरवडून काढलं, नवं टाकलं, दोन्ही बोल्ट आळीपाळीनं आवळले, वॉशर नवे घातले. मग हवा काढली. आधी फेस आला, मग स्वच्छ डिझेल. ऑइल सोडलं तर पाच लिटरच्या इंजिनातून साडेसहा निघालं, पाण्यासारखं पातळ. "असंच अजून पळवलं असतं तर बेअरिंगा गेल्या असत्या," ते म्हणाले.

आपल्याकडच्या न्यायशास्त्रात डोंगरावरचा धूर आणि अग्नी हे अनुमानाचं जुनं उदाहरण आहे. धूर दिसला तर तिथं अग्नी आहे, हे चालतं. उलटं चालत नाही, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो. हे मला तोंडपाठ होतं. चोरी झाली की डिझेल कमी होतं, हे खरं. त्यावरून मी उलटं वाक्य बनवलं आणि त्यावर एका माणसाला घरी बसवलं. पण हे लिहितानाही मला बोचतं, की मी याला तर्काची चूक म्हणतोय. तर्क चुकला असता तर वही पुसून भागलं असतं. बापूनं दोनदा सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं, ती कुठल्या शास्त्रातली चूक? पंपासाठी चाचांनी अर्धा दिवस घालवला. बापूसाठी मी चहाचा एक कप संपेपर्यंतही थांबलो नव्हतो.

संध्याकाळी आठ दिवसांचे पैसे घेऊन त्याच्या वस्तीवर गेलो. सगळं सांगितलं. बापूनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ऑइल बदललं का?"

"बदललं."

"बरं केलं."

म्हटलं, उद्यापासून गाडीवर ये. तो म्हणाला, "नको गुरुजी. उद्या परत काही कमी झालं तर?" त्यात राग नव्हता, म्हणून उत्तर सुचेना. त्याची आई चुलीपाशी होती. ती वर न बघता म्हणाली, "मास्तर, ह्ये इथं कशाला सांगताय? जिथं बोलला व्हता तिथं सांगा."

दुसऱ्या दिवशी डेअरीवर रांग लागलेली असताना मी मोठ्यानं सांगितलं, की डिझेल पंपातून गळत होतं, बापूचा काही संबंध नव्हता, माझं चुकलं. घसा कोरडा पडला होता. क्षणभर कुणी बोललं नाही. मग एक जण म्हणाला, "जाऊ द्या गुरुजी, कशाला उकरता." मागून कुणीतरी हळूच म्हटलं, "मग सगळं पंपानंच प्यालं म्हणायचं!" आणि दोघंतिघं हसले.

बापू रांगेत पाचवा की सहावा होता. त्यानं मान वर केली नाही. नंबर आल्यावर दूध ओतलं, चिठ्ठी घेतली, फॅट किती लागली ते वाचलं आणि रिकामी किटली हँडलला अडकवून सायकलवर टांग मारली.