बकऱ्या कोठी लिवल्या?

वाघबकरीचा खेळ संगणकावर आणायचा, तो फुकट आणि खुला ठेवायचा, हे ठरलेलं होतं. अडलं ते प्रोग्रामिंगच्या भाषेवर. मला रस्ट आवडते. वेगवान, काटेकोर. दोन महिने तिच्यातच लिहिलं. मग भातकुलीच्या घरी आठवीतल्या भाचीनं पडद्याकडे बघून विचारलं, "मामा, याच्यात बकऱ्या कोठी लिवल्या हायेत?" मला चटकन दाखवता आलं नाही.

त्या रात्री रिद्धपूर आठवलं. आमच्याच जिल्ह्यातलं. तिथल्या महानुभाव पंथाच्या नागदेवाचार्यांनी संस्कृतात लिहू पाहणाऱ्या केशवराज सूरींना अडवलं होतं: साध्या म्हाताऱ्या बायांना कळणार नाही, त्या धर्माला मुकतील. पंडिताची आवड मोठी की ऐकणाऱ्याचा हक्क, हा प्रश्न तेराव्या शतकातच या मातीत सुटला होता. पुढे त्याच महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ या सांकेतिक लिपीत बंद केले, ते विसाव्या शतकापर्यंत बाहेरच्यांना वाचता आले नाहीत. ग्रंथ जपले गेले, हे खरं. पण जे जपलं ते लोकांच्या हाती नव्हतं, याची मला हळहळ वाटते.

खुलेपणा नुसत्या परवान्यात नसतो, असं मला मनापासून वाटतं. वाचता येणं हा त्याचा अर्धा भाग.

आता खेळ पायथनमध्ये आहे. पायथन 3 मध्ये चलांची नावं देवनागरीत चालतात. पहिलीच ओळ आहे: बकऱ्या = 20. भाचीनं ती खोडून 15 केली, आणि वाघ जिंकला.